पेंडिंग

माल्टातल्या स्लीमाच्या किनाऱ्यावरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, २०१७ ते २०२० या काळात माझे काम लोकांची वीजबिले वाचण्याचे होते. बिल तीन महिन्यांपेक्षा जुने नाही ना, त्यावरचा पत्ता खात्यातल्या पत्त्याशी जुळतो ना, कागदाचे चारही कोपरे छायाचित्रात आले आहेत ना, आणि नावाच्या ओळीतला टाइप बाकीच्या टाइपाहून वेगळा तर दिसत नाही ना, एवढे पाहून मी एक बटण दाबत असे. बिल पाठवणारा माणूस लीड्समध्ये, ग्लासगोत किंवा फिनलंडमधल्या तांपेरेत बसलेला असे, आणि त्याने ऑनलाइन कॅसिनोत काही रक्कम जिंकलेली असे. ती त्याला आज मिळायची की आणखी चार दिवसांनी, हे त्या बटणावर ठरत असे. सांगलीला आईशी बोलताना मी "बँकेसारख्या ठिकाणी कागदपत्रे तपासते" असे सांगत असे आणि त्यातला "सारख्या" हा शब्द जरा हळू उच्चारत असे.

माल्टा हा ३१६ चौरस किलोमीटरचा देश आहे, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून किंचित मोठा. २००४ साली तो युरोपीय संघात गेला आणि त्याच वर्षी त्याने इंटरनेटवरच्या जुगारासाठी परवान्याचे नियम केले. तेव्हापासून स्लीमा, ग्झिरा आणि सेंट ज्युलियन्सच्या पिवळसर चुनखडीच्या घरांमागे काचेच्या इमारती उभ्या राहत गेल्या, आणि त्यांत स्वीडिश, इटालियन, सर्बियन, फिलिपिनो आणि आमच्यासारखी भारतीय माणसे येऊन बसली. नवऱ्याला तिथे सॉफ्टवेअरमध्ये काम मिळाले म्हणून मी गेले होते. त्या बेटावर इंग्रजी नीट लिहिता येणाऱ्या आणि बारीक अक्षर वाचण्याचा कंटाळा नसणाऱ्या माणसाला ज्या खात्यात सहज जागा मिळते, ते खाते म्हणजे व्हेरिफिकेशन.

आमच्या धंद्यातली पहिली विसंगती समजायला मला आठवडाभरही लागला नाही. खात्यात पैसे भरायला माणसाला अर्धे मिनिट पुरत असे. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि कार्डाचा क्रमांक टाकला की चक्र फिरू लागे, आणि तू कोण आहेस असे त्याला कोणी विचारत नसे. तोच माणूस पैसे काढायला निघाला की मात्र दारात रखवालदार उभा राही, आणि तो रखवालदार म्हणजे मी. आधी पासपोर्ट किंवा वाहन परवाना, मग पत्त्याचा पुरावा, मग ज्या कार्डाने पैसे भरले त्या कार्डाचे छायाचित्र, त्यातले पहिले सहा आणि शेवटचे चार आकडे दिसतील आणि मधले झाकलेले असतील असे. रक्कम मोठी असली तर पगाराच्या पावत्या आणि तीन महिन्यांचे बँकेचे विवरण. कंपनीने खेळायला दिलेला बोनस घेतला असेल तर तो नियमाप्रमाणे तीस-पस्तीस पट खेळून काढला आहे का, त्या काळात एका डावावर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे लावले का, हे वेगळेच खाते पाहत असे. शेवटी पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जायचे, म्हणजे ज्या कार्डावरून भरले त्याच कार्डावर. शनिवार-रविवारी पैसे भरणे चालू असे, फेडणे बंद असे.

ही तपासणी म्हणजे निव्वळ ढोंग होते, असे मी म्हणणार नाही. चोरलेल्या कार्डाने भरलेले पैसे मी पाहिले आहेत. आईच्या नावाने खाते उघडून खेळणारा सोळा वर्षांचा मुलगा पाहिला आहे, आणि त्याने पाठवलेल्या सेल्फीत मागच्या भिंतीवर शाळेचे वेळापत्रक चिकटवलेले होते. जुगारापासून स्वतःहून बंदी मागून घेतलेली आणि मग नावातले एक अक्षर बदलून परत आलेली माणसेही पाहिली आहेत. काळा पैसा थोडा खेळवून "जिंकलेला" म्हणून बाहेर काढण्याची युक्ती तर कॅसिनोंइतकीच जुनी असावी. शिवाय कामात एक कारागिरीही होती, हे नाकारता येत नाही. पासपोर्टच्या तळाशी प्रत्येकी ४४ अक्षरांच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत काही तपासणी-अंक दडलेले असतात. क्रमांकातल्या अंकांना ओळीने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ असे गुणायचे, बेरीज करायची, दहाने भागायचे आणि बाकी त्या अंकाशी ताडून पाहायची. संगणक हे करतच असे, पण मी सवयीने कागदावरही करत असे. खोटा पासपोर्ट बनवणारे चेहरा आणि शिक्का यांवर फार मेहनत घेतात, आणि कधीकधी या गुणाकारात सापडतात. तसा एक सापडला त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होऊन वाटाण्याच्या दोन पास्तिझी, म्हणजे तिथल्या करंज्या, खाल्ल्या होत्या.

माझा आक्षेप तपासणीवर नव्हता, ती कोणत्या घटकेला होते यावर होता, आणि त्याचे मूळ शोधत गेल्यावर मला ते कायद्याच्या एका वाक्यात सापडले. युरोपीय संघाचा मनी लाँडरिंगविरोधी २०१५ चा निर्देश असे सांगतो की, जुगाराची सेवा देणाऱ्याने २,००० युरो किंवा त्याहून अधिक रकमेच्या व्यवहाराच्या वेळी ग्राहकाची ओळख पटवावी. आणि ती वेळ कोणती, तर जिंकलेली रक्कम घेताना, डाव लावताना, किंवा दोन्ही वेळी. या "किंवा"वर मी बरेच दिवस विचार केला आहे. ज्याने तो लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा वेगवेगळ्या देशांच्या वेगवेगळ्या रीती असतील. पण दुकानदाराला असा "किंवा" हातात दिला, तर तो कोणत्या बाजूला उभा राहील हे सांगायला पंचांग नको. डाव लावताना ओळख विचारली तर गिऱ्हाईक दाराशीच कंटाळून परत जाते. जिंकल्यावर विचारली तर ते कुठेही जाऊ शकत नाही, कारण त्याचे पैसे आत अडकलेले असतात. आणि जे हरतात, त्यांचे वीजबिल मागण्याची वेळच बहुधा येत नाही.

या थांबण्याला आमच्याकडे एक अवस्था होती, पेंडिंग. विड्रॉलची विनंती आली की ती आधी पेंडिंगमध्ये पडे आणि तिथे दोन-तीन दिवस नुसती पडून राही. पहिले काही आठवडे मला वाटायचे की, हा आमच्या अपुऱ्या मनुष्यबळाचा परिणाम आहे. आपल्याकडे तलाठ्याच्या कार्यालयात फाइल पडून राहते तसा. पुढे लक्षात आले की, ग्राहकाच्या स्क्रीनवर त्या विनंतीशेजारी एक दुसरे बटण असे, आणि ते विनंतीच्या बटणापेक्षा मोठे आणि अधिक उजळ रंगाचे होते. त्यावर टिचकी मारली की पैसे खेळण्याच्या खात्यात परत येत. त्याला रिव्हर्स म्हणत. त्यासाठी ना पासपोर्ट लागे, ना बिल, ना सेल्फी, आणि ते रविवारी पहाटे तीन वाजताही चाले. पैसे माणसाचे झालेले असत, पण त्याच्या हातात आलेले नसत, आणि अशा पैशाला स्वतःचे म्हणून वजन नसते. माणूस दिवसातून आठ वेळा स्क्रीन उघडून पाहतो, पेंडिंग दिसते, पुन्हा पाहतो, आणि नवव्यांदा त्या उजळ बटणावर बोट ठेवतो. तपासणीचा कागद आणि हे बटण एकमेकांशेजारी कोणी मुद्दाम ठेवले होते की तसे ते आपोआप येऊन बसले होते, याचे उत्तर मला कोणी दिले नाही. मीही फारसे विचारले नाही, हेही इथे लिहून ठेवले पाहिजे.

२०१८ च्या हिवाळ्यातली एक फाइल माझ्या मनातून गेलेली नाही. लंडनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातली बाई, भारतीय पासपोर्ट, आणि पासपोर्टवर आपल्याकडचे तीन पदरी नाव: स्वतःचे, नवऱ्याचे, सासरचे आडनाव. युरोपातल्या यंत्रणेला दोन कप्पे ठाऊक असतात, दिलेले नाव आणि आडनाव. त्यामुळे नवऱ्याचे नाव तिच्या स्वतःच्या नावाला चिकटून बसले होते आणि संगणकाच्या लेखी तिचे पाळण्यातले नाव दोन शब्दांचे झाले होते. पैसे तिने ज्या कार्डावरून भरले होते ते तिच्या विद्यार्थिदशेतल्या बँक खात्याचे होते, आणि त्यावर तिचे स्वतःचे नाव व माहेरचे आडनाव होते. जिंकलेली रक्कम १,१४० पौंडांची. संगणकाने फाइलवर लाल पट्टी चढवली: खातेदार एक, कार्ड दुसऱ्याचे.

माझ्या शेजारी बसणाऱ्या कोणालाही ती दोन बायकांची नावे वाटली असती. मला पाहताक्षणी कळले की ही एकच बाई आहे, आणि हे कळायला मला काहीही तपासावे लागले नाही. माझे पदवीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाने होते आणि पासपोर्ट सासरच्या. माल्टाचा राहण्याचा परवाना मिळवताना त्या दोन नावांतले नाते सिद्ध करण्यासाठी मी मंत्रालयातले साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का) आणि प्रतिज्ञापत्र अशा वाटेने पाच महिने घालवले होते. तिथल्या खिडकीवरचा माणूस सभ्यपणे म्हणत असे, "मॅडम, यातल्या नेमक्या तुम्ही कोण?" आमच्या घरात तर आजीचे पहिले नावसुद्धा लग्नात तांदळात लिहून बदलले होते. तिने कधी काही जिंकून ते काढायचे ठरवले असते, तर तिला स्वतःच्या तीन वेगवेगळ्या बायका हजर कराव्या लागल्या असत्या.

मी तिला नाव बदलल्याचा पुरावा मागितला. तिने दुसऱ्या दिवशी विवाह नोंदणीच्या दाखल्याचे छायाचित्र पाठवले. दाखला मराठीत होता. खाली निबंधकाची निळ्या शाईतली सही, त्यावर अर्धवट उमटलेला गोल शिक्का, वधूचे विवाहापूर्वीचे पूर्ण नाव, विवाहानंतरचे नाव, सगळे स्वच्छ वाचता येत होते. त्या इमारतीत तो वाचू शकणारी मी एकटी होते. आणि नियम असा होता की, इंग्रजीत किंवा ठरलेल्या काही युरोपीय भाषांत नसलेला कागद प्रमाणित भाषांतराशिवाय स्वीकारायचा नाही. मी टीमप्रमुखाकडे गेले आणि म्हटले की, ही माझी मातृभाषा आहे, यात काय लिहिले आहे ते मी आत्ता लिहून देते. तो चांगला माणूस होता. त्याने माझे म्हणणे पूर्ण ऐकले आणि सांगितले की, तुला वाचता येते याबद्दल मला शंका नाही, पण उद्या तपासनीस आला तर फाइलमध्ये भाषांतरकाराचा शिक्का लागेल, तुझी मातृभाषा नाही. तिच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे नाव होते, तेही मी त्याला दाखवले; वडिलांचे आडनाव आणि कार्डावरचे आडनाव एकच होते. त्यावर तो म्हणाला की, त्यावरून तिचे वडील कोण हे सिद्ध होते, कार्ड कोणाचे हे होत नाही. तर्काने तो बरोबर होता.

मग मी तिला तयार मजकुरांच्या यादीतले वाक्य पाठवले: कागदपत्र स्वीकारता आले नाही, कृपया प्रमाणित इंग्रजी भाषांतर पाठवावे. मजकुराच्या शेवटी माझे नाव जात असे, फक्त पहिले. ते मराठी नाव तिने वाचले असेल का, वाचून तिला काय वाटले असेल, याचा विचार मी त्या रात्री आणि नंतरही केला आहे. तिने वाद घातला नाही. चौथ्या दिवशी सकाळी भाषांतर आले, हिरव्या शिक्क्यासकट, आणि त्यासाठी तिने पैसे मोजले असणार. मी ते लगेच उघडले. माझ्याजवळच्या मूळ दाखल्याशी ओळीने ताडून पाहिले आणि मंजूर केले. लाल पट्टी जाऊन हिरवी आली. मग रक्कम पुढे ढकलण्यासाठी खात्याचे पान उघडले, तर त्यात पाठवण्यासारखी रक्कमच नव्हती. आदल्या रात्री साडेअकराला तिने विनंती रिव्हर्स केली होती. दीडपर्यंत ती खेळली. शिल्लक शून्य पौंड आणि काही पेन्स. भाषांतराची ईमेल तिने सकाळी पाठवली होती, म्हणजे पैसे संपल्यानंतर. आधीच करून घेतलेले भाषांतर वाया का घालवा म्हणून पाठवले असेल, किंवा आपण जे नाव सांगतो ते आपलेच आहे एवढे तरी कोणीतरी मान्य करावे असे वाटले असेल.

मी बटण दाबलेच होते, त्यामुळे तिला आपोआप संदेश गेला: अभिनंदन, तुमच्या ओळखीची पडताळणी पूर्ण झाली आहे.

ब्रिटनमध्ये तोवर या प्रकारांची चर्चा सुरू झाली होती. तिथल्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने २०१६ पासून ऑनलाइन जुगाराच्या अटी तपासायला घेतल्या होत्या, आणि बर्मिंगहॅमला मुख्यालय असलेल्या गॅम्बलिंग कमिशनने ७ मे २०१९ पासून नवा नियम लागू केला. त्याआधी कंपनीला ग्राहकाचे वय पडताळायला ७२ तासांची मुभा असे. तोवर त्याला पैसे भरता येत, खेळता येई, फक्त काढता येत नसे. नव्या नियमाने नाव, पत्ता आणि जन्मतारीख यांची खात्री खेळण्याआधीच करणे बंधनकारक झाले. त्यातले दुसरे कलम मला अधिक आवडले. जी माहिती कंपनीला आधी मागता आली असती, ती पैसे काढण्याच्या वेळी अट म्हणून पुढे करता येणार नाही, असे ते म्हणते. ज्याने ते लिहिले त्याने आमच्यासारख्या एखाद्या कार्यालयात चार दिवस बसून पाहिले असावे. पुढे ३१ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटिश परवान्याच्या कंपन्यांना रिव्हर्सचे बटणही काढून टाकावे लागले. तोवर मी ती नोकरी सोडून पुण्याला आले होते.

मे २०१९ नंतर आमच्या खात्यात काय बदलले, तेही सांगितले पाहिजे. ब्रिटिश ग्राहकांचे पासपोर्ट आणि बिले आता खाते उघडतानाच येऊ लागली, आणि बहुतेकांची खात्री तर कागदाशिवाय, सार्वजनिक नोंदींवरूनच काही सेकंदांत होऊ लागली. म्हणजे हे आधीही करता आले असते. पैशाच्या स्रोताची चौकशी मात्र अनेकदा पैसे काढतानाच होत राहिली, कारण इतकी रक्कम तू कुठून आणलीस हा प्रश्न ती रक्कम होण्याआधी विचारता येत नाही, असा युक्तिवाद करता येई आणि कधीकधी तो खराही असे. इतर देशांच्या ग्राहकांसाठी जुनीच रीत चालू होती. एकाच टेबलावर, एकाच स्क्रीनवर, लीड्सच्या माणसाला एक वागणूक आणि तांपेरेच्या माणसाला दुसरी देताना माझा हात सुरुवातीला अडखळत असे. नंतर अडखळेनासा झाला.

माझे वडील सांगलीच्या बाजारपेठेत हिशेबनीस होते. माझ्या नोकरीचे खरे स्वरूप घरात फक्त त्यांना ठाऊक होते, आणि ते ऐकून त्यांनी मटक्याची आठवण काढली होती. मटका मुंबई प्रांताच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होता आणि आहे, आणि त्यात बुडालेली घरे त्यांनी स्वतः पाहिली होती, त्यामुळे त्यांना त्याचे कौतुक मुळीच नव्हते. पण ते म्हणाले की, आमच्या गल्लीतला आकडे घेणारा चतकोर चिठ्ठीवर आकडा खरडून देई, आणि आकडा लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर पैसे मोजून देई. बुडवले तर संध्याकाळपासून त्याच्याकडे कोणी फिरकणार नाही, हे त्याला ठाऊक असे. "तुमच्याकडे परवाना आहे, म्हणून तुम्हाला चार दिवस थांबवणे परवडते," असे ते म्हणाले. मी त्यांना मनी लाँडरिंगविषयी सांगू लागले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. हा वाद त्यांना पुढे न्यायचा नसला की ते तसे करत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि रमी-पोकरच्या मोठ्या देशी अ‍ॅपांनी पैसे भरण्याची सोय बंद केली. त्यांच्याकडे पॅन जोडलेले असे, निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापून उरलेले पैसे खात्यात येत, आणि अडकलेच तर तक्रार करायला निदान एक पत्ता असे. माझा भाचा त्यांतल्या एका अ‍ॅपवर रमी खेळत असे. ते बंद झाल्यावर कोणीतरी त्याला टेलिग्रामवर एक दुवा पाठवला. परवाना कोणत्या बेटाचा आहे ते पानाच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरांत लिहिले होते की, मलाही ते मोठे करून वाचावे लागले. आणि जे वाचले त्यावर विश्वास ठेवण्याचे काही कारण नव्हते.

दिवाळीत तो घरी आला तेव्हा जेवण झाल्यावर फोन घेऊन माझ्याजवळ बसला. ८६,००० रुपये जिंकले आहेत, पण तीन आठवडे पेंडिंग दाखवते आहे, असे म्हणाला. आधी त्यांनी आधार मागितले. ते त्याने दोन्ही बाजूंनी पाठवले होते, आकडे न झाकता. मग त्यांनी "कर" म्हणून १८ टक्के आधी भरायला सांगितले, ते जिंकलेल्या रकमेतून कापून घेता येत नाहीत म्हणून. ते मात्र त्याने अजून भरले नव्हते. मी त्याला सांगितले की, खरा कर कापून घेतला जातो, तो आधी भरून मग पैसे सुटत नसतात. हे पैसे तुझे कधी नव्हते, आणि एक रुपयाही आता पाठवू नकोस. तो मान हलवत होता, पण त्याचे डोळे फोनवर होते. विनंतीच्या शेजारी हिरवे बटण होते. त्यावर "पुन्हा खेळा" असे लिहिले होते, चक्क मराठीत.

"मावशी, पण आज सकाळीच त्यांचा मेसेज आलाय," तो म्हणाला. "आधारचा फोटो अस्पष्ट आहे, चारही कोपरे दिसतील असा परत पाठवा म्हणतात. एकदा पाठवून बघू का?"

त्याच्या हातातून फोन घेऊन मी तो फोटो मोठा करून पाहिला. कार्ड ताईच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून काढलेले होते, मागे तिच्या मसाल्याच्या डब्याची कडा दिसत होती. चारही कोपरे आले होते. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि बाराच्या बारा आकडे स्वच्छ वाचता येत होते.